तो खाली होता

डोळ्यांत थेंब घातले की तासभर काही नीट दिसत नाही, आणि दिसत नसलं की लोक तुमच्याशी मोठ्यानं बोलायला लागतात, जणू थेंब कानात घातलेत. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर मी आंधळ्या कोशिंबिरीत राज्य आलेल्या पोरीसारखी बसले होते आणि नर्स सारखी येऊन ओरडत होती, "आजी, डोळे मिटून बसा हं!" आजी म्हटलेलं मला चालतं, ओरडलेलं चालत नाही. तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. मुलीनं काहीतरी पाठवलं होतं. फोन नाकाजवळ आणला, लांब धरला, तिरका केला. अक्षरांच्या मुंग्या झाल्या होत्या. त्यांच्याखाली एक चित्र होतं आणि त्यातले मला दोनच रंग कळत होते. मधोमध एक उभा पांढरा डाग आणि त्याच्याभोवती निळं, भरपूर निळं, जवळजवळ सगळंच निळं. मग तिचा फोनच आला. "आई, बघितलंस? आधी चिडू नकोस हं." माझी मुलगी दातांची डॉक्टर आहे. दुखणार असेल तर आधी सांगायची तिला सवय आहे. "बाबांचं चित्र आहे," ती म्हणाली. "प्रशिक्षण केंद्रात त्यांच्या नावाचं नवं सभागृह होतंय ना, तिथे लावणार आहेत ते. अजून पुरं व्हायचंय, पण मला तर आवडलं बाई." मी विचारलं, "हे निळं काय आहे?" "आकाश आहे, आई."

मी बहुतेक मोठ्यानं "आकाश?" म्हणाले असणार, कारण बाकावरची सगळी थेंबवाली मंडळी माझ्या दिशेनं वळली. माझा नवरा आरमारात होता, युद्धात त्याची नौका बुडाली आणि तिच्याबरोबर तोही गेला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बंदरावरच्या दगडावर त्याचं नाव कोरलेलं आहे. पण जे फारसं कुणाला ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून सोयीचं वाटत नाही, ते हे की तो इंजिनघरात होता. आरमाराचा अधिकारी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पांढरा गणवेश, दुर्बीण आणि वारा येतो. माझ्या नवऱ्याच्या नोकरीत वारा नव्हता. तो जहाजाच्या पोटात असायचा, पाण्याच्या पातळीच्याही खाली, जिथे शर्ट दिवसभर अंगाला चिकटलेला असे आणि काही सांगायचं तर दुसऱ्याच्या कानाला तोंड लावावं लागे. जहाजावर दोन बिऱ्हाडं असतात, वरचं आणि खालचं. "वरचे म्हणतात, जहाज आम्ही चालवतो," तो सांगायचा. "चालवू देत बापडे. चालतं ते आमच्यामुळे." वरच्यांना तो हवाखाऊ म्हणे आणि वरचे ह्यांना तेलकट म्हणत, आणि दोघं एकमेकांवाचून एक इंच पुढे सरकू शकत नसत. नौकेला भगदाड पडलं तेव्हा तो खाली होता. हाताखालच्या पोरांना त्यानं वर पाठवलं आणि स्वतः यंत्रं चालू ठेवत राहिला, कारण यंत्रं थांबली असती तर पंप थांबले असते, दिवे गेले असते, आणि आतल्या खणाखणांत अडकलेली माणसं अंधारात वाट चुकली असती. हे मला त्याच्या वरिष्ठानं माझ्या घरात, टोपी मांडीवर ठेवून, खाली बघत सांगितलं. लोक नवऱ्याच्या पगारावर जगतात. मी ह्या एका वाक्यावर पन्नास वर्षं जगले आहे, की तो खाली होता. आता ह्या चित्रकारानं त्याला उचलून आकाशात टांगला होता. यंत्रं शिकायला येणारी पोरं त्या सभागृहात बसणार, मान वर करून बघणार आणि म्हणणार, वा, काय रुबाब! तो वरिष्ठ गेला, सासूबाई गेल्या, नौकेवरचे दोघंतिघं भेटायला यायचे तेही यायचे थांबले. तो कुठे होता हे जिला पक्कं ठाऊक आहे अशी मीच काय ती उरले आहे, आणि माझ्या डोळ्यांत थेंब.

"उद्या मला तिथे घेऊन चल," मी म्हटलं. "आई, रविवारी जाऊ. उद्या माझे पेशंट आहेत." "पन्नास वर्षं मीपण पेशंटच आहे," मी म्हटलं. तिनं नमतं घेतलं. बापाचा हा एक गुण तिच्यात आहे, कधी वाद घालायचा नाही हे तिला कळतं. काळा चष्मा लावून मी बाहेर पडले. रस्त्यावर सगळ्या वस्तूंच्या कडा सुटल्या होत्या. बस आली ती एक लाल ढेकूळ होती, तिच्यातून माणसांची ढेकळं उतरली, आणि दिव्यांना केस फुटले होते. दिसत नसलं की ऐकू जास्त येतं. बसच्या इंजिनात कुठलीतरी पट्टी सैल होती, थांब्यावर उभी राहिली की टकटक करायची, सुटली की गप्प बसायची. हे माझं कान देणं मूळचं माझं नव्हे, त्याचं. यंत्राला काय झालंय हे कळायला तो एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, टोक यंत्रावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. म्हणून नौकेवर त्याला वैद्यबुवा म्हणत. सुट्टीत घरी आला की घरातल्या एकेका वस्तूची नाडी बघून व्हायची. शिवणयंत्र, पंखा, पाण्याचा पंप, शेजाऱ्यांची मोटारसायकल. "हिला दमा आहे," असं तो गंभीरपणे सांगे, आणि शेजारी बिचारा खरंच काळजीत पडे. मुलगी पोटात होती तेव्हा त्यानं तो स्क्रू-ड्रायव्हर, टोकाला फडकं गुंडाळून, माझ्या पोटाला लावला होता. सासूबाई दारातून ओरडल्या, "अरे मेल्या, काय करतोस काय!" तो डोळे न उघडता म्हणाला, "गप, आई. चालू आहे. फर्स्ट क्लास चालू आहे." त्याच्या नखांतला काळेपणा कधी पुरता गेला नाही. लग्नाच्या फोटोत त्यानं मुठी मिटून घेतल्या आहेत.

मी त्याला अरे-तुरे करायची. आमचं आमच्या पसंतीचं लग्न, शिवाय तो माझ्यापेक्षा वर्षभरानं लहान, त्यामुळे अहो म्हणायला गेलं की मलाच हसू यायचं. सासूबाईंना ते कधीच रुचलं नाही. पुढे तो गेला आणि एका दिवसात सगळ्यांनी त्याला अहो-जाहो सुरू केलं. कालपर्यंत 'तो तेलकट' म्हणणारे 'ते थोर गृहस्थ' म्हणायला लागले. पेपरात ते, दगडावर ते, दरवर्षीच्या भाषणांत ते. मेलं की माणूस एक पायरी चढतो असं दिसतं. मी मात्र त्याला खाली ठेवला, म्हणजे माझ्याजवळ ठेवला. घरात मी अजून त्याला अरेच म्हणते. परवा गॅस चालू राहिला तेव्हा मीच म्हटलं, "अरे, बघ की जरा, वास येतोय." आणि मग उठून मीच बंद केला. वेडी म्हणायचं असेल तर म्हणा. पन्नास वर्षं एकाच माणसाशी भांडायला मिळणं ही काही थोडी चैन नाही.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. आता हे सांगितलं तर मुलीच्या मुलांना आम्ही बैलगाडीच्या काळातले वाटतो, पण एके काळी दूरचा फोन लागायचा तो आमच्या हातांतून. लांबलचक बोर्ड, त्याच्यापुढे एका रांगेत आम्ही बायका, कानाला यंत्र, समोर दोऱ्या. दिवा लागला की दोरी खुपसायची, नंबर विचारायचा, दुसरी दोरी पलीकडे खुपसायची, माणूस आला की "बोला" म्हणायचं आणि चावी पाडायची. चावी पाडली की आपला कान बंद. हा नियम होता आणि नियमापेक्षा तो आमचा मान होता. अर्ध्या शहराची लफडी आमच्या बोटांखालून जायची आणि आम्हाला ठाऊक नसायची. सुपरवायझर बाईंना आम्ही कडक इस्त्री म्हणत असू. त्या आमच्या पाठीमागून फिरत आणि कुणाची चावी वर राहिली तर खांद्यावर पेन्सिल टेकवत. बोलत काही नसत. युद्धाचे दिवस होते, बोर्ड पेटलेला होता. नाविक तळाची लाइन आली. पुरुषाचा आवाज, दमलेला. त्यानं नंबर सांगितला तो आमच्या घराखालच्या औषधवाल्या काकांचा होता.

आमच्या घरी फोन नव्हता. काही निरोप असला तर काकांच्या दुकानात यायचा, आणि काका गिऱ्हाईक सोडून जिना चढायचे. नाविक तळावरून त्या नंबरला फोन करण्याचं जगात एकच कारण होतं. मी दोरी हातात धरली होती. आता आठवलं की वाटतं फार वेळ धरली होती. खरं म्हणजे धरली नसणार, कारण पेन्सिल खांद्याला लागली नाही. डोकं रिकामं झालं नव्हतं. उलट इतकं स्पष्ट सगळं कळत होतं की बोर्डाच्या भोकाभोवतीच्या पितळी कडेवरचा ओरखडासुद्धा दिसत होता. दोरी खुपसली. घंटी वाजली. काकांनी उचलला, त्यांचा तो खाकरून बोलायचा आवाज, "हां, औषधालय." मी म्हटलं, "तळावरून फोन आहे. बोला." आणि चावी पाडली. लोकांना वाटतं, मी ऐकलं असेल. सासूबाईंना शेवटपर्यंत वाटायचं की मी ऐकलं आणि त्यांना उशिरा सांगितलं. मी ऐकलं नाही. तो दिवा माझ्यासमोर जळत होता, आत दोन माणसं माझ्या आयुष्याबद्दल बोलत होती, आणि शेजारचा दिवा लागला म्हणून मी दुसरी दोरी उचलली. कुणीतरी बाळंतपणाची बातमी द्यायला फोन करत होतं. मी तोही लावून दिला. कामाची पाळी संपेपर्यंत मी उठले नाही, कारण त्या दिवसांत बोर्ड सोडून उठणं म्हणजे कुणाचा तरी असाच फोन अडकवणं. पुढे त्याचा वरिष्ठ येऊन सांगून गेला, की तो यंत्र सोडून उठला नाही, तेव्हा मी रडले, पण त्याआधी मला जे वाटलं ते सांगायला मी लाजत नाही. मला वाटलं, बघ, आपण दोघं एकाच माळेचे मणी. त्या दुपारी घरी आले तर काका दुकानाच्या पायरीवर, चष्मा हातात, काहीतरी पुटपुटत उभे होते. मला कसं सांगायचं त्याची तालीम करत होते बिचारे. मी म्हटलं, "काका, राहू द्या. फोन मीच लावून दिला." त्यांना तिथेच रडू फुटलं, आणि एका म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून दुकानात बसवण्यात माझी पहिली पाच मिनिटं गेली.

दुसऱ्या दिवशी माझे डोळे लख्ख होते. प्रशिक्षण केंद्राची इमारत लांबुडकी, पिवळी. व्हरांड्यात उघडी इंजिनं ठोकळ्यांवर मांडलेली, कुणाचे पिस्टन बाहेर, कुणाचं पोट कापून आतलं लाल रंगवून दाखवलेलं. मुलगी म्हणाली, "आई, हळू बोल हं तिच्याशी. लहान मुलगी आहे." सभागृहामागच्या खोलीत चित्र उभं होतं. दाराइतकं उंच. चित्रकार मुलगी स्टुलावरून उतरली, हात पुसत पुढे आली, वाकून नमस्कार करायला लागली तर मी तिला हातानंच थांबवलं, कारण मी भांडायला आले होते आणि नमस्कार घेतला की भांडता येत नाही. मग मी चित्राकडे पाहिलं. पांढरा गणवेश, सोनेरी बटणं, मागे नौकेचा उंच कठडा, त्याच्यामागे ते आकाश. एक हात कपाळाला, सलामीचा. सगळं खोटं. पण चेहरा! चेहरा त्याचा होता. कुठल्या फोटोत नसलेला. डावी भुवई जरा वर, म्हणजे आता काहीतरी चावट बोलणार असा. मला बसायला स्टूल लागलं. इतका जवळ तो पन्नास वर्षांत आला नव्हता, आणि आला तो असा, कुणाच्या तरी उसन्या कपड्यांत. माझी मुलगी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बघ ना, माझ्यासारखेच दिसतात." तिला तो आठवत नाही. ती तेव्हा रांगतही नव्हती. तिच्यासाठी बाप म्हणजे आजवर लग्नाच्या फोटोतल्या दोन मिटलेल्या मुठी होत्या, आणि आज तो दारातून आत यावा तसा पूर्ण उंचीनं उभा होता. हे माझ्या ध्यानात आलं, आणि तरी मी म्हटलं, "हा तिथे नव्हता."

चित्रकार मुलीनं मान खाली घातली. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणजे, कागदपत्रांत इंजिनघर असंच आहे. मी आधी तसंच काढायला घेतलं होतं. एका जुन्या बोटीत खाली उतरूनही आले, दोन तास बसले." "मग?" मी म्हटलं. "उतरलीस आणि घाबरलीस?" "नाही हो, आजी." ती माझ्या मुलीकडे, मग दाराकडे बघायला लागली. "त्यांनी सांगितलं. शेवटचं त्यांनीच पाहिलं होतं, म्हणून मी त्यांचं ऐकलं. चेहरासुद्धा त्यांनीच सांगून सांगून काढून घेतला. भुवई सात वेळा पुसायला लावली." दाराशी खुर्चीत एक म्हातारा बसला होता. आम्ही आत आलो तेव्हा मी त्याला शिपाई समजले होते. तो उठून उभा राहिला, दोन्ही पाय फाकवून, जमीन हलत असल्यासारखा. "बॉयलरवर होतो, बाईसाहेब," तो म्हणाला. "वैद्यसाहेबांच्या हाताखाली."

नौकेवरचे जे भेटायला आले होते त्यांत हा नव्हता. मी तसं म्हटलं. "आलो होतो एकदा," तो म्हणाला. "जिन्यात उभा राहिलो. वर लेकरू रडत होतं. परत गेलो." माझी मुलगी, ते लेकरू, पन्नाशीची बाई, तिनं त्याच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. तो बसला नाही. वड्याचं तेल वांग्यावर काढायला मी आले होते असं आता दिसत होतं. चित्रकार पोरीचा काही दोष नव्हता. मी म्हटलं, "तुम्ही हिला खोटं सांगितलंत." "होय," तो म्हणाला. "तो खाली होता." "होय, बाईसाहेब. खालीच होते." "मग?" त्यानं दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर ठेवले. काळेपणा त्याच्याही नखांत होता, इतक्या वर्षांनंतर. "मला रोज स्वप्न पडतं असं नाही," तो म्हणाला. "पण पडतं तेव्हा तेच. शिडी. मी चढतो, झाकणातून बाहेर येतो, मागं वळून बघतो की साहेब येतायत का. येत नाहीत. लग्न झालं, पोरं झाली, नातवंडं झाली, साहेब काही येत नाहीत. ही पोरगी म्हणाली, कुठं उभे होते सांगा, तसं काढते. मनात आलं, हिच्या हातात आहे तर एकदा येऊ देत की वर. चित्रात तरी मोकळी हवा मिळू दे. तुम्हाला वाईट वाटेल हे नाही सुचलं." 

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी इंजिन फिरवून बघत होतं, ते खोकायचं आणि बंद पडायचं. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. तो होता तिथे मला एकदम थकल्यासारखं वाटलं, आणि मग एक प्रश्न, जो विचारायला मला इतकी वर्षं कुणी मिळालं नव्हतं. "तुम्ही निघालात तेव्हा तो काही बोलला का?" म्हातारा माझ्या मुलीकडे बघायला लागला, जणू तिची परवानगी हवी. "मी शेवटचा होतो," तो म्हणाला. "पाणी घोट्यापर्यंत आलेलं. साहेबांनी मला ढकललंच शिडीकडं. मी म्हटलं, साहेब, तुम्ही? तर कानाला तोंड लावून म्हणाले, तू जा रे. मला वरची हवा सोसत नाही."

मी हसले. असं म्हणायला नको, मी खदखदून हसले, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मुलगी घाबरून "आई, आई" करत पाणी शोधायला लागली. तिला कसं सांगणार? गेलेल्या माणसाची वाक्यं मोजकीच असतात. जेवढी आहेत तेवढीच पुन्हापुन्हा काढून वापरायची, धुवायची, घडी घालून ठेवायची. माझी तर इतकी वापरून झाली होती की कुठली त्याची आणि कुठली मी रफू करताना घातलेली, हे मलाच कळेनासं झालं होतं. आणि आज एक कोरं वाक्य. कुणी न वापरलेलं. त्याच्याच आवाजातलं, त्याच भुवईखालचं, पाणी घोट्याला आलेलं असताना केलेला तो भिकार विनोद! वरच्यांची टर उडवायला त्याला बुडतानाही फुरसत होती. मला इतका अभिमान वाटला की छातीत मावेना. दगडावरच्या नावानं, पदकानं, भाषणांनी कधी वाटला नव्हता असा, अगदी अंगभर, निर्लज्ज अभिमान. ह्या माणसाशी मी लग्न केलं होतं. मी पसंत केला होता त्याला, दुसऱ्या कुणी नव्हे.

डोळे पुसून झाले तेव्हा मला पक्कं कळलं होतं काय करायचं. "पोरी," मी चित्रकार मुलीला म्हटलं, "हा रंग अजून ओला आहे का?" "ओलाच आहे. का?" "मग ह्याला पूस." "बाबांना?" माझी मुलगी म्हणाली, आणि त्या शब्दात ती केवढी लहान होती. मी तिचा हात धरला. "राणी, त्याला वरची हवा सोसत नाही. ऐकलंस ना आत्ता? जबरदस्तीनं वर आणायचा नाही आपण. तो खाली होता, तो खालीच राहील. दिसणार नाही एवढंच." ती चित्राकडे बघत राहिली, मग तिनं माझ्या हातातला हात न सोडता मान हलवली. चित्रकार म्हणाली, "पण आजी, मग चित्रात काय राहील? रिकामं डेक?" मी म्हाताऱ्याकडे बोट केलं. "हे. शिडीचं झाकण काढ, उघडं. आणि त्यातून बाहेर येणारी पोरं. सगळ्यांत शेवटी हे."

"नको, नको," म्हातारा मागे सरला. "बाईसाहेब, माझं काय काढायचं? साहेबांच्या नावाचं सभागृह, त्यात मी? मी तर निघून आलो." "निघून नाही आलात. पाठवलं तुम्हाला," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच. "त्यानं पाठवलेलं पोचलं की नाही ते लोकांना दिसायला नको का? एवढं त्यानं केलं ते काय ह्या कठड्यासाठी आणि बटणांसाठी?" चित्रकार मुलीनं बाटलीतलं तेल फडक्यावर ओतलं, उग्र वास आला. आधी सलामीचा हात गेला. मग बटणं, एकेक. चेहऱ्याशी ती थांबली आणि माझ्याकडे वळली. मला म्हणावंसं वाटलं, हे एवढं राहू दे. फक्त भुवई राहू दे. मी म्हटलं, "पूस." आणि शेवटपर्यंत तिकडे बघत राहिले, कारण नजर वळवली असती तर तो मलाच हसला असता. निळ्यात एक मळकट, माणसाएवढा ढग राहिला. तो तेलकट रंग पाहून मला बरं वाटलं.

मग तिनं कोळशाची कांडी घेतली, ढगाच्या खाली एक चौकोन ओढला, आणि म्हाताऱ्याला खिडकीपाशी उजेडात उभं केलं. तो उभा राहिला, कॉलर नीट केली, पुन्हा विस्कटली. तिनं विचारलं, वर आलात तेव्हा आधी काय दिसलं. "ऊन," तो म्हणाला. "दुपारच होती, घड्याळात बघितली होती. पण मनात रात्र होती. बाहेर आलो तर हे एवढं ऊन, समुद्रावर, डोळे उघडेनात." त्यानं हात कपाळावर आडवा धरला. "असं?" तिनं विचारलं. "असं." कांडी कॅनव्हासवर खरखरत होती. "आणि चेहरा?" ती म्हणाली. "घाबरलेला होतात? रडत होतात?" त्याचा हात कपाळावरून खाली आला. तो तिच्याशी न बोलता माझ्याशी बोलला, अगदी हळू, जणू खोलीत आम्ही दोघंच होतो. "हसत होतो, बाईसाहेब. ऊन बघितलं आणि हसू आलं मला. साहेब खाली, आणि मी हसलो. आजवर बायकोलाही सांगितलं नाही."

मी उठले, त्याचा हात धरून पुन्हा त्याच्या कपाळावर ठेवला आणि चित्रकार मुलीला म्हटलं, "मग हसतानाच काढ."